फाटकाजवळची झाडं

प्रेमलताबाईंनी छत्तीस वर्षं सौंसरच्या पोरींना गणित शिकवलं, आणि त्या छत्तीस वर्षांत एक गोष्ट त्यांनी कोणालाच माफ केली नाही. उत्तर चुकलं तर चालायचं. रीत चुकली तर त्या दोनदा समजावून सांगायच्या, तिसऱ्यांदा ओरडून सांगायच्या. पण पेपरात जागा कोरी ठेवून आलेल्या पोरीला हात पुढे करावा लागायचा, आणि बाईंची सागवानी पट्टी तिच्या बोटांच्या पेरांवर उभी बसायची. "प्रश्न सोडायचा नाही. येत नसला तरी भिडायचं." आजही बाजारात मेथीची जुडी निवडणाऱ्या पन्नाशीतल्या बायका बाईंना येताना पाहून हात पदराखाली घेतात. हसतात, पण घेतात.

या नियमाला कारण होतं. सत्तर साली बाई हायर सेकंडरीला बसल्या, तेव्हा मोहगावहून छिंदवाड्याच्या सेंटरवर जाणारी दुसरी मुलगी नव्हती. गणिताच्या पेपरात शेवटचं आठ गुणांचं उदाहरण त्यांनी सोडलं. वेळ होता, पण भूमितीचं होतं आणि भीती वाटली. पहिला वर्ग तीन गुणांनी गेला. त्याच्याबरोबर नागपूरला शिकायची शिष्यवृत्ती गेली, आणि वडिलांनी मास्तरकीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून पुढे ठेवला. या गोष्टीला चौपन्न वर्षं झाली. त्या उदाहरणातल्या त्रिकोणाच्या बाजू बाईंना अजून पाठ आहेत. तेरा, चौदा, पंधरा.

आता बाई एकाहत्तरच्या. लग्न केलं नाही. बसस्टँडच्या मागे स्वतःच्या पगारातून बांधलेल्या दोन खोल्यांत राहतात. धाकटा भाऊ विजय मोहगावला संत्र्याचा बगीचा सांभाळतो. तो बाईंहून चौदा वर्षांनी लहान, त्यांच्याच कडेवर वाढलेला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात आणि शिकवणारीलाही बाईच, त्यामुळे घरात आणि गावात त्यांना एकच नाव. फक्त विजयची मुलगी ऋतुजा त्यांना आत्या म्हणते. ऋतुजा पंचवीस वर्षांची. बोरगावच्या एका खोक्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात नोकरीला आहे आणि तिथून सौंसर जवळ म्हणून तीन वर्षांपासून बाईंकडेच राहते.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ती आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"काय करून राहिली व? आधी पाय त धू."

"थांब आत्या. फॉर्म भरून राहिली. आज शेवटची तारीख आहे."

"कशाचा फॉर्म?"

"कॅटचा. एमबीएच्या कॉलेजात जायची परीक्षा." तिनं मान वर केली तेव्हा बाईंना दिसलं की पोरगी रडलेली नाही, पण कान लाल झालेले आहेत. विजयचेही लहानपणी असेच व्हायचे.

मग सगळं बाहेर आलं. तिच्या खात्यातल्या अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती. तीन वर्षं त्या माणसाचं अर्धं काम ऋतुजाच करायची. कोणता ट्रक कुठं अडतो, कोणत्या गिऱ्हाइकाला खोकी एक दिवस आधी पोचली तर ठेवायला जागा नसते, हे तिला तोंडपाठ. जागा तिला मिळणार असं सगळे धरून चालले होते. त्या सकाळी साहेबांनी कुणाल नावाच्या पोराला आणून तिच्यासमोर उभं केलं.

"म्हणे, ऋतुजा, इस पोस्ट के लिए एमबीए चाहिए. तुम कुणाल को काम समझा दो."

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, तो मैं भी एमबीए कर लेती हूँ, सर. सगळ्यांसमोर म्हटलं."

"अन् तो?"

"हसला. म्हणे, कॅट? सौंसर में बैठके? अच्छा है, साथ में संतरे भी बेच लेना. सगळे हसले आत्या. चहा घेऊन आलेला पोट्टा बी हसला."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि परीक्षेची तारीख विचारली. नोव्हेंबर सरता सरता, रविवारी. बोटानं एकेक चौकोन मोजत त्या म्हणाल्या, "पासष्ट दिवस. अन् नाही झालं त?"

"नाही झालं त सोमवारी सकाळी कुणाल सरांना गुड मॉर्निंग म्हणायचं. अन् मग रोज."

दुसऱ्या दिवशी विजय आला, सोबत ऋतुजाची आई प्रतिभा. विजयचं म्हणणं वावगं नव्हतं. लोक या परीक्षेसाठी दोन-दोन वर्षं नागपूरला खोली घेऊन राहतात. पोरीनं एक साल थांबावं, नीट अभ्यास करावा.

"साल थांबली त त्यांचं हसणं विसरून जाईन मी, बाबा," ऋतुजा म्हणाली. "आत्ता ऐकू येऊन राहिलं. आत्ताच होते हे."

प्रतिभानं जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलला होता. बाई म्हणाल्या, "बोल, पण हळू बोल. तो झोपलेला मारुती आहे. उठला त पहिले तुलेच विचारीन, पोरीले शिकवलं कायले नाही."

ऋतुजानं नागपूरच्या एका क्लासला फोन लावला. पलीकडच्या सरांनी किती दिवस उरले ते विचारलं आणि आकडा ऐकून म्हणाले, "मॅडम, इतने में कुछ नहीं होता. नेक्स्ट इयर का बैच देख लीजिए." बाईंनी ऋतुजाच्या हातातून फोन घेतला. "नेक्स्ट इयर मैं बहत्तर की हो जाऊँगी, सर. मेरे पास टाइम नहीं है." आणि ठेवून दिला.

पुस्तकं मात्र मिळाली, आणि तीही कुणालकडून. आपली जुनी पुस्तकं त्यानं थैलीत भरून आणली आणि ओशाळून म्हणाला, "मैंने तो दो बार में निकाला था." पोरगा वाईट नव्हता. त्यामुळे ऋतुजाला आणखीच राग आला.

पहाटे चार वाजता बाई गॅस पेटवायच्या. पूर्वी सौंसरला या वेळी छोट्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. नागपूरला जाणारी ती खेळण्यातल्यासारखी गाडी बाईंच्या तरुणपणात गावाचं घड्याळ होती. तिच्या शिट्टीवर दूधवाले निघायचे आणि ट्रेनिंगला जाणाऱ्या पोरी वेण्या घालायच्या. आता मोठी लाईन झाली, पांढुर्णा जिल्हा झाला, शिट्टीची जागा मोबाईलच्या गजरानं घेतली. चहाचे दोन कप आणि तीन तास. साडेसातला ऋतुजा बोरगावच्या बसला पळायची आणि बसमध्ये इंग्रजीचे उतारे वाचायची. मराठी शाळेतली पोरगी, सुरुवातीला एक उतारा वाचता वाचता बोरगाव यायचं. महिन्याभरानं दोन व्हायला लागले.

गणित बाईंकडं. त्यांनी वर्ग पन्नासपर्यंत पाठ करून घेतले, अपूर्णांकांचे शेकडे तोंडी म्हणवून घेतले. पोरगी तयारही झाली. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिनं पहिली सराव परीक्षा दिली. कुणालनं आपला जुना लॅपटॉपही देऊन टाकला होता, त्यावर. एकशे वीस मिनिटं, सहासष्ट प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला तीन गुण, एकूण एकशे अठ्ठ्याण्णव. ऋतुजानं एकसष्ट प्रश्नांना हात घातला. अठ्ठावीस गुण आले.

"वेग वाढव," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तिनं त्रेसष्ट सोडवले. चोवीस आले.

"मले वाटते मी काही सोडले पाहिजे, आत्या."

"सोडायचं नाव नाही काढायचं."

"पण इथं चुकलं का एक गुण कापून राहिले. तुझ्या बोर्डात कापत नव्हते."

"मग चुकू नको!"

ऋतुजानं पेन्सिल टेबलावर आपटली. तिच्या वहीत त्या दिवशी गणिताच्या बावीस प्रश्नांतला एक कोरा होता, आणि बाईंचा हात सवयीनं पट्टीकडं गेला. ऋतुजानं तो पाहिला. तिनं सरळ हात पुढे केला, पेरं वर करून.

"मार. मारल्यानं येत असन त मार."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. पण बोलल्या तेच. "सोडायचं वळण एकदा लागलं का माणूस सगळंच सोडते, ऋतू. मले माहीत आहे."

दसरा झाल्यावरच्या रविवारी विजयनं दोघींना मोहगावला बोलावलं. पांढुर्ण्याचे देवीदासभाऊ बगीचा पाहायला येणार होते. झाडावरचा माल झाडावरच विकायची आमच्याकडची रीत. व्यापारी येतो, बगिच्यात फिरतो, किती फळ आहे याचा नजरेनं अंदाज घेतो आणि त्यावर सौदा ठरतो. देवीदासभाऊंची नजर सगळ्या तालुक्यात मानलेली. वय बाईंएवढंच, खांद्यावर दुपट्टा, हातात बारमाही छत्री.

विजयनं चार दिवस खपून तयारी केली होती. फाटकापासून आत जाणाऱ्या दोन ओळी झाडून काढल्या होत्या, लोंबलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. ती झाडं होतीही पाहण्यासारखी. पिवळ्याधमक फळांनी पानं झाकून गेली होती.

देवीदासभाऊ मोटारसायकलवरून उतरले, फाटकापाशी चूळ भरली आणि कुंपणाच्या कडेकडेनं मागं नाल्याकडं चालायला लागले.

"भाऊ, इकडून या ना!" विजय ओरडला.

"इकडची झाडं मी तुझ्या लग्नापासून पाहून राहिलो, विजय," त्यांनी मागं न वळता सांगितलं.

बाईंना गंमत वाटली. त्या त्यांच्यामागं निघाल्या, ऋतुजाही आली. "का हो भाऊ, पुढून कायले नाही गेले?"

"फाटकाजवळची झाडं मालकानं मले दाखवायले ठेवली असतात, बाई. तिथं माणूस उभा राहिला का त्याची नजर बिघडली. मग आतलं सगळं त्याच मापानं दिसते."

नाल्याच्या बाजूनं ते आत शिरले आणि चालत राहिले. धावत नव्हते, पण थांबतही नव्हते. एका झाडाकडं पाहिलं, पुढं. दोन झाडं बघितलीच नाहीत, तिसऱ्याकडं छत्री केली, ओठ हलले, पुढं. बाईंना ते पाहवेना.

"हे सोडलं तुम्ही."

"सोडलं."

"अहो, पण त्याले फळ आहे ना!"

"आहे. पण पाल्यात लपून आहे. खाली वाकून, फांदी उचलून पाहा लागते. तेवढ्यात माझी दहा झाडं होतात. ज्या झाडाकडं दोनदा पाहा लागते ना बाई, ते सोडून द्यायचं. झाड वाईट नसते. आज आपलं नसते, बस."

"अन् मग अंदाज चुकला त?"

"आज चार बगीचे पाहायचे आहेत. इथं एकेक झाड मोजत बसलो त बाकीचे तीन दुसरा घेऊन जाईल. ते चुकणं मोठं का हे?"

बाईंच्यातली मास्तरीण जागी झाली. समोरच्या झाडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बरं, या झाडाले किती फळ आहे सांगा."

देवीदासभाऊंनी पापणी लवावी तेवढा वेळ पाहिलं. "सहाशाच्या इकडं-तिकडं," म्हणाले आणि निघून गेले.

मग त्या दोघींनी ते झाड मोजलं. बाई एका बाजूनं, ऋतुजा दुसऱ्या बाजूनं. मधली फांदी कोणाच्या वाट्याची यावरून भांडण झालं. दोनशे चाळीसवर ऋतुजाला शिंक आली आणि पहिल्यापासून मोजावं लागलं. बाईंच्या केसांत कोळिष्टकं अडकली, मान आखडली. शेवटी दोन्हीकडची बेरीज झाली, पाचशे सत्त्याऐंशी. विजयी मुद्रेनं बाई बगिच्याच्या दुसऱ्या टोकाला आल्या, तर देवीदासभाऊ विहिरीच्या पाळीवर बसून बशीत चहा ओतून घेत होते. सातशे झाडांचा आकडा त्यांनी विजयला केव्हाच सांगून टाकला होता, आणि विजयची मान त्याला हललीही होती.

"पाचशे सत्त्याऐंशी," बाई म्हणाल्या.

"असन," देवीदासभाऊ म्हणाले. "तुमचं एकदम बरोबर असन, बाई. पण माझा बगीचा पाहून झाला."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. मोहगाव मागं पडलं, कपाशीची वावरं मागं पडली. ऋतुजाच्या ओढणीत त्या मोजलेल्या झाडाची दोन संत्री होती, ती तिनं तशीच मांडीवर धरली होती.

पहाटे चहाच्या कपाबरोबर बाईंनी बावीस प्रश्नांचा कागद पुढं सरकवला. "आज एकही सोडवायचा नाही. पाच मिनिटं. वाचायचं अन् खूण करायची. घ्यायचा त्याले टिक, टाकायचा त्याले फुली. ज्याच्याकडं दोनदा पाहा लागते, त्याले फुली."

ऋतुजा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय पाहून राहिली? चुकली मी. म्हण ना, आत्या चुकली म्हण. बोर्डाच्या पेपराले माझं बरोबर होतं. हा पेपर वेगळा आहे. ह्यात कोणी सगळं सोडवावं म्हणून प्रश्न घातलेच नाहीत. अन् पहिला प्रश्न सांभाळून पाहायचा. तो बहुतेक फाटकाजवळचा असते."

हे बोलायला सोपं होतं. बाईंचे हात मात्र ऐकत नव्हते. ऋतुजानं एखाद्या प्रश्नावर फुली मारली की त्यांना वाटायचं, पंगतीतून कोणाला उपाशी उठवलं. म्हणून त्यांनी पट्टी हातात घेतली. पोरगी एका प्रश्नावर रेंगाळली की पट्टी टेबलावर वाजायची. "चाल पुढं!" जी पट्टी छत्तीस वर्षं सोडणाऱ्यांवर पडली, ती आता अडकून बसणाऱ्यावर पडायला लागली. शेजारच्या इंदूबाई एकदा विरजण मागायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या. इतक्या पहाटे बाई पोरीला कायले झोडपून राहिल्या, असं त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं.

लगेच काही जमलं नाही. सोडायचं शिकली तर पोरगी फारच सोडायला लागली. तिसऱ्या परीक्षेत तिनं एकोणीसच प्रश्न घेतले आणि तेहतीस गुण आले. विजय फोनवर म्हणाला, "सोडून सोडून बगिच्यात उरलं काय?" पुढं बावन्न आले, मग एकोणपन्नास. दिवाळीचे चार दिवस सुट्टी मिळाली तर चारही दिवस चार परीक्षा. प्रतिभानं करंज्यांचा डबा पाठवला, आणि ऋतुजाला कोणी घरी ये म्हणालं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक प्रश्न आला. वर्तुळात वर्तुळ, त्याला स्पर्शरेषा, आणि त्या सगळ्या गुंत्याच्या पोटात एक त्रिकोण. बाजू तेरा, चौदा, पंधरा. बाई ऋतुजाच्या खांद्यावरून पाहत होत्या. त्यांना त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. चौऱ्याऐंशी. पुढचं सगळं त्यांनी मनात उलगडलंही, चार मिनिटं लागली असती, फार तर पाच. त्यांचं बोट आपोआप लॅपटॉपच्या पडद्याकडं गेलं.

ऋतुजानं प्रश्न एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला डोळे वर गेले आणि तिथंच थांबले. "हा लांब आहे, आत्या. सोडते."

बाईंचं बोट हवेत राहिलं. बाहेर दूधवाल्याची घंटी वाजली. मग त्यांनी बोट मागं घेतलं, पट्टी उचलली आणि टेबलावर वाजवली.

"चाल पुढं."

त्या दिवशी एकाहत्तर गुण आले. "तुझ्या वयाएवढे," ऋतुजा म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी दोघी सकाळच्या बसनं नागपूरला गेल्या. सेंटर गावाबाहेर होतं, पाळी दुपारची. फाटकावर पोरांची गर्दी आणि त्यांच्याभोवती आईबापांची. पोरं कोणत्या क्लासची, कितवी वेळ, असं चाललं होतं. एका गृहस्थांनी बाईंना विचारलं, "आप कहाँ से? कौन सी कोचिंग?"

"सौंसर. घरची."

"कब से तैयारी है?"

"पैंसठ दिन."

ते गृहस्थ दयेनं हसले. ऋतुजानं ते हसणं पाहिलं, आणि बाईंना दिसलं की पोरीचे कान पुन्हा लाल झाले. बरं झालं, त्यांच्या मनात आलं, विसरली असती तर पंचाईत होती.

दोन तास बाई समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसल्या. रस एकच घेतला आणि पुरवून पुरवून प्यायल्या. सत्तर साली छिंदवाड्याच्या सेंटरबाहेर वडील असेच बसले होते का, हे त्यांना आठवेना. फक्त एवढं आठवलं, की बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं होतं, सगळे सोडवले? आणि आपण खोटं बोललो होतो. हो म्हणालो होतो.

पोरं बाहेर यायला लागली. ऋतुजा सर्वांत शेवटी आली. रस्ता ओलांडून बाकाशी उभी राहिली.

बाईंनी विचारलं, "किती सोडले?"

"एकतीस."

एकतीस कोऱ्या जागा बाईंच्या डोळ्यांसमोर आल्याच. मग त्या म्हणाल्या, "बेस. अजून एक रस घे."

निकाल डिसेंबरात लागला. शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या पुढं. सगळ्यात मोठ्या कॉलेजांनी बोलावलं नाही, आणि ऋतुजाला त्याचं एक दिवस वाईटही वाटलं. पण चार ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यातलं एक इतकं लांब होतं की विजयला मोबाईलवरचा नकाशा तीनदा सरकवावा लागला.

बातमी कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. कुणालनं पेढे वाटले. जानेवारीत साहेबांनी ऋतुजाला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि एक पत्र पुढं केलं. अधिकाऱ्याचं पद, तिच्या नावाची पाटी, कुणालच्या बरोबरीचा दर्जा. अट एकच, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही. उद्यापर्यंत सही करून द्या, नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस घेऊ, म्हणाले. हसले नाहीत.

संध्याकाळी बाईंच्या घरी सगळे जमले. पत्र टीपॉयवर होतं आणि त्याच्याभोवती चहाचे कप.

"घेऊन टाक," विजय म्हणाला. "ज्याच्यासाठी लढली तेच देऊन राहिले ना ते? मुलाखत म्हणजे काय, झाली त झाली. नाही झाली त हे बी गेलं, ते बी गेलं. हातातलं कायले सोडतं?"

प्रतिभा म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा तिले."

बाईंच्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं, सोडायचं नाही. चौपन्न वर्षांचं वाक्य, असं तीन महिन्यांत कुठं जातं? विजय म्हणत होता त्यात खोट नव्हती. मुलाखतीत पोरीला कोणी काही विचारलं आणि तिची इंग्रजी अडखळली, तर सोमवारी सकाळी गुड मॉर्निंग म्हणायलाही जागा उरणार नव्हती. त्यांनी कपातला चहा संपवला.

ऋतुजा पत्राकडं पाहत होती. "बोरगावपासून इथपर्यंत हे मी चारदा वाचलं," ती म्हणाली. "चारदा, बाबा."

"मग? चांगलं आहे म्हणूनच वाचलं ना!"

"चांगलंच आहे. झाडून-पुसून, टेकू देऊन ठेवलेलं आहे." ती विजयकडं वळली. "तुम्ही देवीदासकाकांसाठी काय ठेवता, तेच साहेबानं माझ्यासाठी ठेवलं. मी तीन वर्षं त्या फाटकातूनच जाऊन राहिली ना, मले माहीत आहे आत काय आहे ते."

विजयला हसूच आलं. "पाहा बाई! माझ्याच बगिच्यातली अक्कल मलेच शिकवून राहिली पोट्टी!"

"नाही झालं त?" प्रतिभानं विचारलं.

"नाही झालं त दुसरी नोकरी पाहीन. ट्रक सगळीकडं अडतात, आई. पण सही नाही करत मी."

बाईंनी हात लांब करून पत्र उचललं. कागद जाड होता, पाठीमागून कोरा. त्यांनी तो उलटा केला, टीपॉयवर सपाट दाबला आणि पट्टी मागितली.

"पहिली मुलाखत कधी आहे?"

"पंधरा फेब्रुवारीले."

बाईंनी कॅलेंडरकडं मान वळवली. ओठ हलले.

"बत्तीस दिवस," त्या म्हणाल्या, आणि पट्टी धरून कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढली.